हे कुणी बसवलं?

माझ्या मावसभावानं गेल्या महिन्यात १०० सीसीची एक जुनी गाडी घेतली आणि त्याच रात्री मला तीन लिंका पाठवल्या. एक ४६ तुकड्यांचा पान्यांचा सेट, एक १०८ तुकड्यांचा, आणि तिसरा अशा काळ्या पेटीतला की फोटोत पेटी उघडल्यावर आतून निळा उजेड पडलेला दिसत होता. खाली एकच ओळ : ‘दादा, घरी गाडीचं काम शिकायचंय. यातला कुठला घेऊ?’

मी आठ दिवस उत्तर दिलं नाही.

उत्तर येत नव्हतं असं नाही. चार वर्षं मी रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुनं पोतं अंथरून बाबांच्या स्प्लेंडरशी खटपट करतोय. कुठला पाना टिकतो, कुठला दुसऱ्याच वापरात तोंड वासतो, हे पैसे घालवून शिकलोय. पण ‘कुठला सेट घेऊ’ या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे, आणि त्यात मी एकदा सपशेल नापास झालो होतो. तो किस्सा मी कुणालाच पूर्ण सांगितला नव्हता. किस्सा वगळून उत्तर द्यायचं तर ती नुसती खरेदीची यादी झाली असती.

तर आधी किस्सा.

तीन वर्षांपूर्वी माझी गाडी, म्हणजे माझा आत्मविश्वास, जोरात होता. दोनदा ऑइल बदललं होतं, प्लग साफ केला होता, चेन ताणली होती. प्रत्येक वेळी गाडी चालू झाली होती. मग मागचा ब्रेक कुईकुई करायला लागला. मी बारा मिनिटांचा एक व्हिडिओ दीडपट वेगानं, म्हणजे आठ मिनिटांत, बघितला आणि चाक उतरवलं. ड्रम ओल्या फडक्यानं पुसला, लायनरवर पॉलिश पेपर मारला, कॅमला किंचित ग्रीस लावलं. सगळं छान. अडचण आली ती परत जोडताना.

स्प्लेंडरसारख्या गाडीच्या मागच्या ब्रेकप्लेटला एक लोखंडी पट्टी जोडलेली असते. तिचं दुसरं टोक गाडीच्या मागच्या फोर्कला. दिसायला अगदी किरकोळ. काम मात्र मोठं. आपण ब्रेक दाबतो तेव्हा लायनर फिरत्या ड्रमला धरतात, आणि ड्रम त्यांच्यासकट अख्ख्या प्लेटला आपल्याबरोबर फिरवायला बघतो. ती पट्टी प्लेटला जागेवर धरून ठेवते. पट्टी सुटली तर ऐन ब्रेक दाबल्यावर प्लेट फिरते, ब्रेकचा रॉड ओढला जातो आणि चालत्या गाडीचं मागचं चाक जाम होऊ शकतं. म्हणून त्या बोल्टला आरपार भोक असतं आणि त्यात स्प्लिट पिन घालून तिची टोकं वाकवलेली असतात. थरथरीनं नट सैल झाला तरी पिनेच्या पुढे तो जाऊ शकत नाही.

माझ्याकडे तेव्हा ऑनलाइन घेतलेला एक स्वस्त सेट होता. त्यातल्या नेमक्या त्याच मापाच्या पान्याचं तोंड पसरलं होतं. म्हणून मी घरातला स्क्रू पाना घेतला, तोच तो, चाक फिरवून तोंड लहानमोठं करायचा, नळापासून गॅसच्या नळीपर्यंत सगळीकडे चालणारा. तो दोनदा घसरला. नट बसला, पण किती बसला ते मला सांगता आलं नसतं. आणि जुनी स्प्लिट पिन सरळ करताना माझ्या हातात तुटली. रविवार संध्याकाळ, हार्डवेअरचं दुकान बंद. उद्या टाकू, म्हटलं.

उद्या सकाळी सहाला बाबा ती गाडी घेऊन दिवे घाटातून सासवडला गेले.

मला अकरा वाजता ऑफिसात आठवलं. फोन केला. बाबा पोचले होते, चहा घेत होते. ‘काय रे?’ म्हणाले. मी म्हटलं, ‘काही नाही, सहज.’ आल्यावर पिन टाकू, असं ठरवलं. आणि मग विसरलो. ‘विसरलो’ हा शब्द सोयीचा आहे. पहिले दोन-तीन दिवस मला ते रोज आठवत होतं. काही होत नाहीये हे बघून मी आठवणं थांबवलं. बाबा त्या गाडीवर तीन आठवडे फिरले. सासवडला आणखी एकदा जाऊन आले.

मग मागचं चाक पंक्चर झालं आणि मी गाडी ढकलत नाक्यावरच्या गॅरेजवर नेली. तिथले काका बाबांना वीस वर्षं ओळखतात. चाक काढायला ते खाली बसले आणि थांबले. त्या पट्टीचा नट शेवटच्या दोन आट्यांवर होता. पाना न लावता त्यांनी तो बोटानं फिरवून काढला आणि माझ्यासमोर तळहातावर धरला.

‘हे कुणी बसवलं?’

मी म्हणालो, ‘हडपसरला एका गॅरेजमध्ये काम केलं होतं.’

काका म्हणाले, ‘असल्या लोकांमुळं आमची नावं खराब होतात.’ नवा नट लावला, नवी पिन घातली, टोकं वाकवली. पैसे फक्त पंक्चरचे घेतले. पिनेचे किती, असं मी विचारलं तर म्हणाले, ‘पिनेचे काय घ्यायचे!’

बरेच दिवस मला वाटत होतं की माझी चूक म्हणजे ती पिन. पिन न घालणं हा निष्काळजीपणा होता, हे खरंच. पण दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती, आणि ती माझ्या तोंडून किती सहज निघाली! मी खोटं बोललो ते एका न घडलेल्या गॅरेजवर, एका नसलेल्या माणसावर. आणि ते खोटं पचेल याची मला आतून खात्री होती, कारण ‘गॅरेजवाले कसंही काम करतात’ हे माझ्यासारख्या घरांमध्ये न तपासता चालणारं नाणं आहे. मी माझी चूक अशा माणसांच्या खात्यावर टाकली, ज्यांच्या खात्यावर आम्ही नाहीतरी सगळंच टाकतो. तेही त्यांच्यातल्याच एकासमोर उभं राहून.

मोटरसायकल आणि विचार असं काही एकत्र लिहायचं म्हटलं की रॉबर्ट पर्सिग यांच्या १९७४च्या त्या प्रसिद्ध पुस्तकाचं नाव येतंच. माझ्याही कपाटात आहे. त्यात एक प्रसंग आहे. निवेदक गाडी दुरुस्तीला देतो, आणि रेडिओ लावून काम करणारी बेफिकीर पोरं तिची वाट लावतात. एक जण नीट न लावलेला स्क्रू पाना घसरवून टॅपेट कव्हरचे कोपरे गोल करतो, छिन्नी-हातोडीनं ठोकतो. आणि शेवटी मूळ दोष निघतो काही सेंटांच्या एका पिनेत. तेव्हापासून निवेदक स्वतःचं काम स्वतः करतो. कॉलेजात हे वाचलं तेव्हा मी अर्थातच निवेदकाच्या बाजूनं होतो. वाचणारा प्रत्येक जण असतो. स्क्रू पाना घसरवणारा आणि पिनेकडे दुर्लक्ष करणारा तो दुसरा पोरगा आपणही असू शकतो, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. घरी काम करणारा काळजीनं करतो आणि पैसे घेऊन करणारा उरकतो, ही समजूत घरी काम करणाऱ्यांनीच पसरवलेली असावी.

इथं खरा प्रश्न सुरू होतो. ॲरिस्टॉटलनं नीतीवरच्या त्याच्या ग्रंथात म्हटलंय की माणूस घरं बांधूनच गवंडी होतो आणि वाद्य वाजवूनच वादक. तसंच न्यायानं वागून न्यायी होतो. हे वाक्य आपण पोस्टरवर लावण्यासारखं वाचतो. पण त्याच ठिकाणी तो पुढे हेही सांगतो की बांधूनच माणूस वाईट गवंडीही होतो. म्हणजे नुसता सराव पुरत नाही. सराव करताना कुणीतरी चूक दाखवणारं लागतं. आणि शिकताना चुका होणारच असतील, तर त्या चुकांच्या काळात त्या घरात राहतो कोण?

मी शिकत होतो, आणि माझ्या शिकण्याचा धोका बाबा दिवे घाटात वाहत होते. त्यांना न विचारता.

गॅरेजमध्ये शिकणाऱ्या पोराकडे बघा. तो पहिले कित्येक महिने नुसते सुटे भाग पेट्रोलमध्ये धुतो आणि पाने हातात देतो. ‘दहाचा दे’, ‘चौदाचा टी दे’. नट लांबून बघून त्याचं माप ओळखायला शिकतो. मग बोल्ट सोडायला मिळतात. आवळायला खूप नंतर, आणि तेव्हाही शेवटचा हात उस्ताद मारतो. पोराची चूक गाडीबरोबर रस्त्यावर जाऊ नये म्हणून ही सगळी उतरंड. (त्या उतरंडीत पोराला काय काय सोसावं लागतं, ती गोष्ट वेगळी आणि चांगली नाही. मी तिचं गोडवं गात नाहीये. माझ्यासाठी हे रविवारचं समाधान आहे, मी हातमोजे घालतो. त्याच्यासाठी पोट आहे आणि त्याच्या नखांतलं काळं सोमवारीही जात नाही.) पण त्याच्या मागे कुणीतरी उभं असतं. माझ्या मागे मोबाइल होता, पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलेला. मी व्हिडिओ बघत होतो. व्हिडिओ मला बघत नव्हता.

शिवाय गॅरेजला पाटी असते. काम बिघडलं तर गिऱ्हाईक परत येऊन त्या पाटीखाली उभं राहून भांडू शकतं. माझ्या कामाला पाटी नव्हती. म्हणून तर ‘कुणी बसवलं’ या प्रश्नाला मी हडपसर असं उत्तर देऊ शकलो.

यावर सरळ उपाय म्हणजे हात न लावणं, सगळं गॅरेजला देणं. मी दोन-तीन महिने तेच केलं. पण मग लक्षात आलं की त्यामुळे मी जबाबदार होत नव्हतो, फक्त सुरक्षित होत होतो. ज्या यंत्रावर बाप रोज बसतो त्याचं आपल्याला काहीच कळू नये, ही अवस्थाही काही फार नैतिक नाही. तेव्हा मी उलट बाजूनं विचार केला. उस्ताद नसलेल्या माणसाला उस्तादाच्या जागी काय ठेवता येईल?

माझं उत्तर : चूक झाली की हरकत घेणारी हत्यारं. गॅरेजात, लोहारकामात, सुतारकामात साधनांना ‘हत्यारं’च म्हणतात, आणि मला तो शब्द ‘टूल्स’पेक्षा बरा वाटतो. हत्यार म्हटलं की ते कुणाला तरी लागू शकतं, हे विसरता येत नाही.

स्क्रू पाना हरकत घेत नाही. सगळ्या नटांना तो ‘हो’ म्हणतो. थोडा सैल असला तरी फिरतो, नटाच्या षटकोनातल्या दोनच बाजू धरतो, आणि घसरला की कोपरे खातो. उलट रिंग पाना किंवा गोटी पाना एक तर बसतो किंवा बसत नाही. चौदाचा पाना बाराच्या नटावर नुसता गरगर फिरतो. तुम्हाला थांबून माप शोधावंच लागतं. गोटी घ्यायची तर आतून सहा बाजूंची घ्यावी, बारा बाजूंची नव्हे. सहावाली नटाच्या सपाट बाजूंना धरते, कोपऱ्यांना नाही. पान्यावरचा आकडा म्हणजे नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं मिलिमीटरमधलं अंतर. हे आज इतकं साधं वाटतं, पण जुन्या बुलेटवाल्यांना विचारा. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी इंग्लंडमध्ये आट्यांचं जे प्रमाण मांडलं, त्या परंपरेतल्या पान्यांवर नटाचं नव्हे तर बोल्टच्या जाडीचं माप लिहिलेलं असतं. म्हणजे पाना खरं बोलतो, फक्त वेगळ्या गोष्टीबद्दल.

दुसरं उदाहरण फुलीच्या स्क्रूचं. आपण प्लसचा म्हणतो तो साधा स्क्रू ड्रायव्हर बहुधा फिलिप्स घाटाचा असतो. हेन्री फिलिप्स या अमेरिकन माणसानं १९३०च्या दशकात तो रूढ केला. त्याच्या टोकाच्या बाजू उतरत्या असतात, त्यामुळे जोर वाढला की टोक खाचेतून वर सरकतं. जपानी घडणीच्या गाड्यांवरचे फुलीचे स्क्रू मात्र जपानी प्रमाणाचे, ज्याला जिस म्हणतात त्या घाटाचे असतात. खाच जवळजवळ तशीच, पण तंतोतंत नाही. फिलिप्स त्यात बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की खाच खरवडून वर येतो. आपल्याकडच्या किती तरी गाड्यांची मुळं जपानी आराखड्यांत आहेत. त्यांच्या इंजिनाच्या कव्हरवरचे खरवडलेले स्क्रू बघून आपण म्हणतो, मेकॅनिकनं वाट लावली. बऱ्याचदा मेकॅनिकचा हात बरोबर असतो, हातातलं टोक चुकीचं असतं. पुष्कळ जिस स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो. मला तो दिसायला दोन वर्षं लागली.

आणि तिसरं, टॉर्क रेंच. हे महाग प्रकरण आहे, आणि यावरून मित्रांशी माझे वाद झालेत. ऑइलच्या ड्रेन बोल्टचं उदाहरण घ्या, सतराच्या पान्याचा. अशा छोट्या इंजिनात तो साधारण २५ न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचा असतो. म्हणजे २० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला सुमारे साडेबारा किलोचा जोर. फार नाही. पण तोच पाना लांब असला, किंवा ‘अजून थोडा’ म्हणत आपण त्यावर वजन टाकलं, तर पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमच्या कवचातले आटे उपटून बाहेर काढतो. ‘अजून थोडा’ हे भीतीचं माप आहे. नवशिक्या गळतीला घाबरून जास्त आवळतो आणि गळती कायमची करून ठेवतो.

मित्र म्हणतात, काका कुठे टॉर्क रेंच वापरतात? नाही वापरत. पण त्यांच्या मनगटात हजारो ड्रेन बोल्ट आहेत आणि त्यांतले चुकलेले त्यांना लक्षात आहेत. माझ्या मनगटात सहा होते. माझा ‘हाताचा अंदाज’ म्हणजे अंदाज नव्हता, नुसता हात होता.

अर्थात आकड्याचीही एक भूल असते. बोल्ट आवळताना लावलेल्या जोराचा फार थोडा भाग, ढोबळमानानं दहावा हिस्सा, बोल्टला ताणण्यात जातो. बाकीचा आट्यांच्या आणि डोक्याखालच्या घर्षणात. आट्यांना तेल लागलेलं असेल तर तोच आकडा बोल्टला जास्त ताणतो. गंज असेल तर कमी. म्हणजे रेंच ‘टक’ म्हणाला म्हणून काम बरोबर झालं असं नाही. शिवाय दुकानात सहज मिळणारे मोठे टॉर्क रेंच चारचाकीच्या मापाचे असतात. साधारण २८ पासून सुरू होणारे. दहा-बारा न्यूटन-मीटरवर बसवायच्या स्पार्क प्लगला ते काय कामाचे? पण मला तो रेंच आकड्यासाठी लागत नाही. तो मला एका ठिकाणी थांबवतो. आणि तो उचलायच्या आधी मॅन्युअल उघडावं लागतं, आकडा शोधावा लागतो. त्या दोन मिनिटांत दीडपट वेग उतरतो.

हे सगळं सांगून झाल्यावर एक ओशाळवाणी गोष्ट सांगायला हवी. त्या रविवारी माझ्याकडे टॉर्क रेंच असता तरी काय झालं असतं? पिन नव्हतीच. मी ज्यावर बाबांचा जीव टांगला ती वस्तू कुठल्याही सेटमध्ये नसते. ४६ तुकड्यांतही नाही आणि १०८ तुकड्यांतही नाही. स्प्लिट पिना, तांब्याचे आणि ॲल्युमिनियमचे वॉशर, दोन-चार सेल्फ लॉक नट, हे सगळं पारदर्शक डबीत सुट्टं मिळतं, चहा-वड्याच्या पैशात. त्याचा फोटो चांगला येत नाही म्हणून त्याच्या लिंका कुणी पाठवत नाही. माझ्या पेटीत आता ती डबी सगळ्यात वर असते, आणि कामाला बसण्याआधी डबीत लागेल ते आहे का, हे बघतो. नसेल तर पाना लावत नाही.

आणखी एक सवय लागली. मी कामं वाटून टाकली, पण सोपं-अवघड अशी नाही; चुकलं तर कुणाला भोगावं लागेल, अशी. प्लग चुकला तर गाडी रस्त्याकडेला बंद पडते; मला शिव्या बसतात. ड्रेन बोल्ट चुकला तर इंजिन जातं; माझे पैसे जातात. ब्रेक, ॲक्सल, हँडल चुकलं तर गाडीवर बसलेला माणूस जातो. गंमत अशी की या तिसऱ्या गटातली बरीच कामं पहिल्या गटापेक्षा सोपी असतात. एक नट आणि एक पिन. त्या सोपेपणानंच मला फसवलं. ती कामं मी आता करतो, पण केल्यावर गाडी काकांना दाखवतो. ते नुसतं बघतात, कधी एखादा नट चाचपतात. पहिल्यांदा मला त्याची लाज वाटायची.

कुठून घ्यायचं, हेही भाऊ विचारणार. माझं म्हणणं, सेट घेऊच नये. स्प्लेंडरसारख्या गाडीला ८, १०, १२, १४, १७ आणि १९ एवढ्या मापांत बहुतेक काम होतं, शिवाय प्लगचा सोळाचा. पुण्यात असाल तर बोहरी आळीत जा, मुंबईत असाल तर नागदेवी स्ट्रीटला, आणि सुटे घ्या. एक काम, एक पाना. पुढचं काम अंगावर आलं की पुढचा. मोठी पेटी आधी घेतली की ती पेटी आपल्याला कारागीर असल्याचं सर्टिफिकेट देते, आणि मग कामं शोधत फिरतो आपण. माझा त्या ब्रेकला हात लावण्यामागे कुईकुई निम्मीच होती. निम्मा तो न वापरलेला सेट होता.

आणि जुना बाजार. बुधवारी आणि रविवारी पुण्यात मंगळवार पेठेकडे ताडपत्र्यांवर गंजक्या पान्यांचे ढीग असतात. तिथं मला बाराचा एक रिंग पाना मिळाला, कुणीतरी पंचानं ठोकून दांड्यावर दोन अक्षरं उमटवलेला. कारखान्यात पाने बदलू नयेत म्हणून कामगार असं करत. तो पाना बंद पडलेल्या कंपनीतून आला, निवृत्त माणसाच्या घरातून आला की उचललेला आहे, मला कळायला मार्ग नाही, आणि तो घेताना मी फार चौकशीही केली नाही. पण तो हातात घेतला की ती दोन अक्षरं बोटांना लागतात. या पान्यानं जे काही आवळलं गेलं, ते कुणी आवळलं हे सांगायला तो माणूस तयार होता, असं मी समजतो. खरं कारण चोरीची भीती एवढंच असेल.

वापरलेल्या ऑइलचं काय करायचं, हा प्रश्न सेटच्या जाहिरातीत कधी नसतो. लिटरभर काळं तेल. कायद्यानं तो घातक कचरा आहे. पहिल्या वेळी मी ते पार्किंगच्या जाळीत ओतणार होतो. वॉचमननं बघितलं म्हणून थांबलो, सद्बुद्धी झाली म्हणून नाही. आता कॅनमध्ये भरून काकांकडे देतो, त्यांच्याकडचं जमा करणारा माणूस येतो. कॅन आणि नरसाळं ही पण हत्यारंच.

तर, भावाला उत्तर द्यायचं राहिलेल्या त्या आठ दिवसांत खंडेनवमी आली. काकांच्या गॅरेजात त्या दिवशी काम बंद असतं. सगळी हत्यारं धुऊन, पुसून, लाल कापडावर मांडलेली, मापाप्रमाणे ओळीनं, आठपासून बत्तीसपर्यंत. झेंडूची फुलं, हळद-कुंकू, पेढे. एरवी ज्याच्यावर ओरडलं जातं तो पोरगा नवा शर्ट घालून प्रसाद वाटत होता. मी पेढा घेतला आणि तिथंच उभा राहिलो. म्हटलं, ‘काका, तीन वर्षांपूर्वी पंक्चरला आलो होतो, ब्रेकच्या पट्टीचा नट सैल निघाला होता, आठवतंय?’

‘हो.’

‘ते हडपसरला नव्हतं केलं. मीच बसवला होता.’

काका म्हणाले, ‘मला माहितीये.’

मी बघतच राहिलो. ते म्हणाले, ‘नटाचे कोपरे खाल्ले होते रे. कुठला गॅरेजवाला तिथं स्क्रू पाना लावतो? रिंग पाना समोर पडलेला असतो त्याच्या.’ मग ओळीतला एक पाना किंचित तिरपा होता तो सरळ केला. ‘तू सांगशील म्हणून थांबलो होतो. मग म्हटलं, जाऊ दे.’

‘तेव्हाच का नाही बोललात?’

‘बोललो की. नावं खराब होतात म्हणालो.’ आणि थोड्या वेळानं : ‘बापाला सांगितलंस का?’

नव्हतं सांगितलं.

त्या रात्री जेवताना सांगितलं. पिन, नट, सासवड, सकाळचा तो फोन, सगळं. आई उठून आत गेली. बाबा ताटाकडे बघत राहिले. मी वाट बघत होतो रागवण्याची. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, ‘आता पिन आहे ना?’ मी म्हटलं, आहे. ‘बरं,’ म्हणाले, आणि भात मागितला.

भावाला दुसऱ्या दिवशी उत्तर लिहिलं. लिंका तिन्ही नको, सुटे पाने, पिनांची डबी, आणि पहिली चार कामं माझ्याकडे ये, मी बघत बसेन. त्याचा अंगठा आला.

बाबा हल्ली सकाळी गाडी काढण्याआधी मागच्या चाकाशी वाकतात. वीस वर्षांत कधी वाकले नव्हते. पहिले काही दिवस मी खिडकीतून नुसतं बघितलं. नेमकं कुठं बघायचं हे त्यांना माहीत नव्हतं, ते टायरच बघत होते. मग मी एकदा खाली गेलो, शेजारी बसलो आणि त्यांचं बोट धरून त्या पिनेच्या वाकवलेल्या टोकांवर ठेवलं.